माजघरातला मेसॉन

दारूबंदीच्या दिवसांत आमच्या घरी पोलीस जमादार आला, तो मेसॉनमुळे.

आमचे हे कोल्हापुरात कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. लढाईच्या आधी परदेशात सापडलेला तो कण आपल्याही घरात दिसला पाहिजे, असं त्यांनी एका सुट्टीत ठरवलं. त्यापायी माझी लोणच्याची काचेची बरणी गेली, सायकलचा पंप गेला, आणि बुडाशी काळं हवं म्हणून माझं मखमली पोलकंही गेलं.

बरणीत स्पिरिटची वाफ भरायची, पंपानं हवा दाबायची आणि झटकन सोडायची. क्षणभर धुकं धरतं. नेमका तेव्हा एखादा कण आरपार गेला, तर त्याच्या वाटेवर थेंबांची बारीक पांढरी रेघ उमटते. बरेच दिवस आम्हाला नुसतं धुकंच दिसलं. वास मात्र गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि शेजारच्या काकूंनी चौकीत कळवलं.

जमादार दारातूनच म्हणाला, "पावणं, भट्टी कुठं हाय?"

"भट्टी नाही, प्रयोग आहे," हे म्हणाले.

"समदे तसंच म्हणत्यात."

ह्यांनी त्याला माजघरात नेलं, खिडक्या लावल्या, दिवा बरणीवर धरला आणि वर्गात शिकवावं तसं सुरू केलं. "हा कण शोधायला कुणी निघालं नव्हतं. आकाशातून येणाऱ्या किरणांच्या रेघांचे फोटो काढत होते. चुंबकाजवळ हलका कण जास्त वाकतो, जड कमी. काही रेघा अधल्यामधल्याच वाकलेल्या निघाल्या. इलेक्ट्रॉनपेक्षा जड, प्रोटॉनपेक्षा हलका, असा कण कुणाच्या माहितीतच नव्हता."

"म्हंजे गडी बघितलाच न्हाय, नुसत्या मागावरनं धरला?"

"अगदी तसंच."

"मग आमच्यावानीच की," म्हणून जमादारानं टोपी काढली आणि बरणीपाशी बसला.

हवा सोडली, धुकं. पुन्हा सोडली, धुकं. मग एकदम जमादार ओरडला, "गेलं की ओ!"

मी आमटी टाकून धावले. माझ्या वेळची रेघ जरा उशिरानं आली. केसाएवढी, सरळ, दिसली न दिसली तोच विरली. असलं काहीतरी सारखं आपल्या अंगातून जातंय, हे कळून मी उगीचच पदर सारखा केला.

"आता स्पिरिटचा परवाना दावा," जमादार म्हणाला.

"कॉलेजचा आहे."

"हे कॉलेज न्हाय." तो स्पिरिटची बाटली घेऊन गेला. पुढे प्रयोग कॉलेजातच झाले.

तो जाताच काकू आल्या. "काय सापडलं?"

"मेसॉन. आकाशातून येतो, छपरातून आत शिरतो," हे म्हणाले.

"माझ्या सोवळ्यातल्या भातातूनही जातो?"

"जातो."

"जात कोणती त्याची?"

हे विचारात पडले. "त्यावर अजून वाद चालू आहे," त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

काकूंनी त्या दिवशीचा भात गाईला घातला. दुसऱ्या दिवशी मात्र नेहमीसारख्या जेवल्या.