बारशाला नकोसा पाहुणा

आमच्या साडूंइतका बारशाला नकोसा पाहुणा अख्ख्या रत्नागिरीत दुसरा नसेल. लहान मुलांच्या हृदयाचे डॉक्टर. कुठल्याही बारशाला आले की आहेर पिशवीतच राहायचा आणि आधी यांची दोन बोटं बाळाच्या जांघेत. तिथली नाडी लागली की मगच चेहरा सैल, मगच पेढा. "अहो, आधी कुंची तरी बघा, चार दिवस खपून शिवलीय!" असं एकदा माझी बायको करवादली, तर म्हणाले, "कुंचीला काय होतंय? ती बरी आहे." दवाखान्यात मात्र हाच माणूस सोनोग्राफीची जेल बाळाला गार लागू नये म्हणून बाटली गरम पाण्यात ठेवायचा. छातीवर यंत्र फिरवताना इतक्या बेसूर आवाजात अभंग म्हणायचा, की रडणारं पोर थक्क होऊन गप्प बसे. पडद्यावर काय दिसलं ते आईबापांना बागेच्या भाषेत सांगत. "पाट मध्येच बुजलाय. वरच्या माडांना पाणी हवं तेवढं, खालच्या पोफळी सुकतायत."

जवळच्या पावस गावी माझ्या पुतणीच्या मुलीचं बारसं होतं. पाळणा सजलेला, आत्या नाव सांगायला वाकलेली, आणि साडूंची बोटं जांघेतून हलेचनात. "पाळणा थांबवा," म्हणाले. बायका भडकल्या. तासाभरात दवाखान्यातल्या पडद्यावर दिसलं: हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी मध्येच तुटलेली. क्वचितच आढळणारा जन्मजात दोष. जन्माआधीपासूनची एक छोटी वाट खालच्या अंगाला रक्त पुरवत होती, तीही आता मिटत चालली होती. त्या दिवशी अभंग झाला नाही. ती वाट उघडी ठेवणारं औषध सुरू करून ते स्वतः अ‍ॅम्ब्युलन्समधून मुंबईपर्यंत गेले. ऑपरेशन झालं. पण मुलगी गेली, बिननावाचीच.

पुढे पुतणी त्यांना म्हणाली, "काका, तुम्ही बघितलं नसतंत तर नाव तरी ठेवलं असतं तिचं." एरवी कुणाचं ऐकून न घेणारा हा माणूस "होय गो" म्हणाला आणि खाली बघत राहिला. न बघता ती फार तर दोन दिवस जगली असती, हे त्यांना सांगता आलं असतं. सांगितलं नाही. त्यानंतर ते कुणाच्याच बारशाला गेले नाहीत. बारशी आता हसतखेळत होतात, आणि मी मात्र पेढा हातात धरून दाराकडे बघत राहतो.

परवा नातवाच्या बारशाचं बोलावणं करायला मी स्वतः गेलो. "नको हो, पेढे पाठवा घरी," म्हणाले.

"पेढे मिळायचे नाहीत. बाळ बघायला या."

मग त्यांनी हळूच विचारलं, "नाव ठेवायच्या आधी येऊ, की नंतर?"

"आधी," मी म्हटलं.