बर्फाच्या कारखान्याच्या विटा

पहाटे साडेचारला वहिनीचा दिवस सुरू व्हायचा. उशाशी घड्याळ होतं, पण ते बंद पडलेलं, आणि तिने ते कधी दुरुस्तीला टाकलं नाही. "मी उठते तेव्हा साडेचार वाजलेलेच असतात," म्हणायची. उजाडायच्या आत ती कामावर, आणि खांद्यावर पहार घेऊन मी तिच्या मागे.

ही माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ लवकर गेला. मागे राहिलं ते एक मुलगी, गल्लीच्या टोकाला ओढ्याकाठची दोन खोल्यांची जागा आणि त्याचा बोथट कोयता. कोयता तिने त्याच आठवड्यात हातात घेतला.

आमच्या टोळीचं काम जुन्या इमारती उतरवायचं. पाडायचं काम वेगळं, ते मशीन करतं. उतरवताना वरून एकेक थर सोडवत खाली यायचं, वीट शाबूत काढायची, तिला चिकटलेला चुना झाडायचा आणि थप्पी लावायची. ती वीट पुन्हा दुसऱ्याच्या भिंतीत जाते. चुन्यातली भिंत अशी सुटते. सिमेंटातली सुटत नाही, तिथे आधी वीट फुटते. म्हणून भिंत पाहिली की वहिनी आधी नखाने सांधा खरवडायची, मग कोयत्याच्या मुठीने वीट वाजवायची. खणखणीत वाजली तर पदर खोचायची.

वीट झाडायला जोर लागत नाही, कोन लागतो. वीट मांडीवर आडवी, कोयता तिरका, हात मनगटातून. नवे आलेले सरळ घाव घालायचे आणि विटेचे दोन तुकडे व्हायचे. वहिनी वर न बघता म्हणायची, "वीट आहे ती. सासू नाही तुझी."

विटा झाडणाऱ्या बायकांत तिच्याइतकी थप्पी कोणाची लागत नसे. तिचा हात जलद होता असं नाही. तो थांबत नसे.

आमच्या शहरात इमारती पडत होत्या आणि नव्या चढत होत्या. नव्या विटांसाठी भट्टीवाले शेतातली माती खरवडून नेत होते, खडीसाठी टेकडी अर्धी संपली होती, आणि पाडलेल्या इमारतींचा राडारोडा रात्रीतून कुठेतरी जात होता. ते कुठेतरी म्हणजे आमचा ओढा. ठेकेदाराचे डंपर गल्लीतून एकामागून एक येत आणि वहिनीच्या मोरीपलीकडे माल ओतून जात. ओढा अर्धा बुजला. मग एका पावसाळ्यात पाण्याला जायला वाट राहिली नाही. ते वहिनीच्या घरात आलं आणि पिठाचा डबा तरंगत दारापर्यंत आला.

"आई, सोडू या ही जागा," मुलगी म्हणाली. ती लग्न होऊन वरच्या वस्तीत राहत होती. "तिकडे खोली बघते तुझ्यासाठी. पैसे साठव आणि चल."

"पैसे साठवते," वहिनी म्हणाली. आणि ओला डबा पुसायला घेतला.

त्या वर्षी बर्फाचा कारखाना पाडायला निघाला. ओढ्याच्या वरच्या अंगाला होता. कितीतरी वर्षं बंद. तीन वीत जाडीच्या भिंती, चुन्यातल्या. काम त्याच ठेकेदाराकडे. कारखाना मशीनने पाडला असता तर त्याचा सगळा राडारोडा ओढ्यात आला असता आणि ओढा कायमचा बुजला असता. पुढच्या पावसात वहिनीचं घर राहिलं नसतं. हे सांगायला कोणी नको होतं. मोरीच्या खिडकीतून दिसत होतं.

ती ठेकेदाराच्या पत्र्याच्या ऑफिसात गेली. मी बरोबर होतो.

"शेठ, कारखाना आम्हाला द्या. हाताने उतरवतो."

"बाई, माझं मशीन चार दिवसांत भुईसपाट करतं."

"आणि डंपर माझ्या दारात रिकामा करता. मजुरी देऊ नका. फक्त विटा आमच्या."

ठेकेदार हसला. मजुरी न मागणारा मजूर त्याने पाहिला नव्हता. "मालकाला तीन महिन्यांत जागा मोकळी हवी. मुदतीच्या दिवशी जे उभं असेल ते माझं मशीन पाडेल. आणि मला हवं तिथे टाकेन."

"ते तेव्हा बघू," वहिनी म्हणाली.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "वहिनी, तीन महिने मजुरी नाही म्हणजे खायचं काय?"

"विटा विकायच्या आणि खायचं. भावजी, तुम्हाला जमत नसेल तर घरी बसा. पहार तेवढी ठेवून जा."

मी घरी बसलो नाही. टोळीतलंही कोणी बसलं नाही. तोंडं मात्र सगळ्यांनी वाकडी केली. लंबू म्हणून आमचा एक जण होता, शिडीशिवाय पहिला थर सोडवायचा. तो म्हणाला, "वहिनीच्या मोरीसाठी आम्ही फुकट मरायचं?"

"मरू नको," ती म्हणाली. "मेल्यावर उचलायला दोन माणसं अडकतात."

काम लागलं. छप्पर उतरलं, मग वरचे थर. त्या विटा पाहून जुने गवंडी खूश झाले. भाजणी अशी, की वीट हातात घेतली तर सुखावून जावं. माल विकला जाऊ लागला. पहिलं मोठं गिऱ्हाईक एक शिंपी होता. दुकानामागे घर बांधत होता. त्याला आम्ही बर्फाच्या टाक्यांच्या खोलीतली मधली भिंत पायापर्यंत उतरवून तिच्या विटा दिल्या. ती खोली सगळ्यात आतली, भिंती सगळ्यात जाड, म्हणून आधी तिलाच हात घातला होता.

महिनाभराने शिंपी कामावर आला. खांद्यावर टेप तसाच. रुमालात गिलाव्याचा पोपडा बांधून आणला होता.

"बाई, ही काय भिंत दिलीत? पांढरं फुटलंय सगळं. गिलावा हाताने निघतोय. बायको म्हणते, कोणी करणी केली."

आम्ही गेलो. भिंतीला लोणा लागला होता. पांढरी पूड, पिठासारखी. वहिनीने बोटाने घेतली, जिभेला लावली आणि थुंकली.

"मीठ," ती म्हणाली.

कारखान्यात बर्फ कसा व्हायचा हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पाण्याचे डबे खारट पाण्याच्या टाक्यांत बुडवून ठेवत. वर्षानुवर्षं ते खारं पाणी भिंतीत झिरपलं होतं. वहिनीने ती भिंत खरवडली होती, वाजवली होती. चुना मऊ, आवाज खणखणीत. मिठाचा विचार तिच्या डोक्यात आला नाही. रोज भिंती बघणाऱ्यालाच अशी चूक करता येते. दुसरा कोणी आधी विचारून घेतो.

शिंपी दारात उभा होता. लंबू माझ्या कानाशी म्हणाला, "जुनी वीट म्हणजे जुनीच. आता कोण घेतंय आपला माल."

वहिनीने ऐकलं. शिंप्याला म्हणाली, "चूक माझी, भिंत माझी. उद्या सकाळी येतो."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही ती भिंत उतरवली आणि चांगल्या विटांची पुन्हा उभी करून दिली. गवंड्याला तिने स्वतःच्या वाट्यातून दिलं. भिंत बांधायला जितका घाम लागतो त्याच्या दुप्पट ती सोडवून पुन्हा बांधायला लागतो. माझ्या पाठीला विचारा. वर मुदतीतले दिवस गेले ते वेगळेच. शिंपी रोज चहा पाठवायचा. शेवटच्या दिवशी म्हणाला, "मावशी, माझ्या मेहुण्यालाही विटा हव्यात."

"चाखून देते," वहिनी म्हणाली.

आणि खरंच चाखू लागली. टाक्यांच्या खोलीत थर सोडवायच्या आधी विटेला जीभ लावायची, थुंकायची, पुढची वीट. लंबू ओरडायचा, "वहिनी, मीठ बरोबर आहे का? का चिमूटभर टाकू?"

"तुझ्या बोलण्यात टाक. अळणी आहे."

जिथून खारट लागलं तिथे तिने कोळशाने भिंतीवर रेघ मारली. खोलीभर कमरेएवढ्या उंचीवर काळी रेघ. रेघेच्या वरचं सगळं आमचं. खालच्याला कोणी हात लावायचा नाही.

मुदत संपली त्या सकाळी कारखान्याच्या जागेवर आकाश होतं. विटांच्या थप्प्या विकून गेल्या होत्या, तुळया सुताराने नेल्या होत्या, दारं-खिडक्या कोणाकोणाच्या घरांना लागल्या होत्या. उभी राहिली होती ती टाक्यांच्या खोलीची कमरेएवढी चौकट, काळ्या रेघेपर्यंत. मशीन आलं आणि दुपारच्या आत तिचा चुरा केला. डंपर भरले.

वहिनी तिथे नव्हती. मला वाटलं, तिला बघवलं नसेल. मी गल्लीत आलो तर ती गल्लीच्या मधोमध घमेलं पालथं घालून बसली होती. मांडीवर वीट, हातात कोयता. वीट झाडत होती. झाडलेलीच वीट होती ती.

डंपर वळणावर येऊन थांबला. मशीनवाला पोरगा त्या दिवशी डंपरही चालवत होता. त्याने हॉर्न दाबला. तिने वीट उलटी केली.

"मावशी, बाजूला व्हा!"

"काम चाललंय."

"रस्त्यात?"

"तू ओढ्यात करतोस ना? मी रस्त्यात करते."

त्याने पुन्हा हॉर्न दाबला. दारं उघडली. समोरची बाई आली आणि घमेलं पालथं घालून वहिनीशेजारी बसली. मग टोळीतल्या दोघी. मग लंबू, तो तर आडवाच झाला. म्हणाला, "माझी कंबर धरलीय. उठवायला दोन माणसं लागतील." मी पहार टेकून उभा राहिलो. माझं बसायचं वय नव्हतं, उठायचं तर त्याहून नव्हतं.

ठेकेदार मोटरसायकलवरून आला. "काय लावलंय हे? मुदतीचं ठरलं होतं. जे उभं राहील ते माझं, आणि मला हवं तिथे टाकेन."

"तुमचंच आहे," वहिनी म्हणाली. "तुमच्या दारात टाका."

"पोलीस बोलावतो."

"बोलवा. त्यांनाही घमेलं देते बसायला."

ठेकेदार लाल झाला. मशीनवाला खाली उतरला होता. तो हळूच म्हणाला, "शेठ, पाठीमागे दुसरा डंपर कारखान्याच्या फाटकातच रुतलाय. चिखल आहे. भराव नसला तर खडीचे ट्रकही आत जाणार नाहीत."

वहिनी ऐकत होती. कोयता खाली ठेवला नाही. "ऐकलंत? घट्ट माल पाण्यात ओतायला निघालात आणि चाकाखाली चिखल. मुरूम विकत आणणार असाल तर आणा. मला काय. मी इथेच आहे. उद्याही. साडेचारपासून."

ठेकेदाराने गल्लीकडे बघितलं. बायका आणखी येत होत्या. त्याने मोटरसायकलला लाथ मारली आणि मशीनवाल्याला म्हणाला, "मागे घे. फाटकात टाक."

डंपर मागे गेला. अख्खी गल्ली उलटा जाताना पोराला घाम फुटला. वहिनी शेवटपर्यंत बसून होती. मग उठताना मला म्हणाली, "हात द्या, भावजी. पाय गेलेत."

बर्फाच्या कारखान्याचं काही ओढ्यात पडलं नाही. पण आधीचं होतंच की. अर्धा ओढा बुजलेला, मोरीपलीकडे काटेरी झुडपं उगवलेला ढीग. ती वॉर्ड ऑफिसला गेली. खिडकीतला माणूस म्हणाला, काढायला हवं, पण आमच्याकडे मशीन नाही.

"मशीन मी आणते," वहिनी म्हणाली. "तुम्ही फक्त मध्ये येऊ नका."

विटांचे पैसे वाटले गेले तेव्हा मुलगी आली होती. खोली बघून ठेवली होती, वरच्या वस्तीत, नळ आत. "आता चल," म्हणाली.

"कशाला?"

"आई, परत पाणी येईल."

"येऊ नये म्हणूनच आहेत हे पैसे. मी का जाऊ? ज्याने टाकलं तो जाईल की."

"काका, तुम्ही तरी सांगा हिला."

मी म्हणालो, "मी तिला आजवर काही सांगितलेलं नाही." मुलगी तणतणत निघून गेली. पण खोलीच्या मालकाला नाही सांगायला तीच गेली.

एका सकाळी मशीन गल्लीत आलं. तेच मशीन, तोच पोरगा. ओढ्याच्या काठावर उभं राहून त्याने दात काढले. "मावशी, आज भाडं तुम्ही देताय. आज तुम्ही शेठ."

"मग बोलू नको, खोद. आणि काठाची झाडं सांभाळ."

दिवसभर तो खोदत होता आणि ती काठावरून ओरडत होती. अजून खाली. डावीकडे. तिथे अजून आहे. खोदलेला माल डंपरमधून कारखान्याच्या जागेवर गेला. ठेकेदाराला भराव हवा होता आणि फुकट मिळत असताना तो नाही म्हणणाऱ्यातला नव्हता. त्याचाच माल होता, त्याच्याकडे गेला. संध्याकाळी ओढ्याच्या तळाची काळी माती दिसली, आणि वरच्या अंगाला अडलेलं पाणी सरकत सरकत मोरीखालून पुढे गेलं.

ढिगातून एक अख्खी वीट निघाली होती. वहिनीने ती उचलली, जीभ लावली आणि दाराशी ठेवली. मग पदराच्या गाठीतून नोटा काढून मशीनवाल्याच्या हातावर ठेवल्या. पहाटे साडेचारला उठून, थर न् थर चाखून, शिंप्याची भिंत दोनदा भोगून तिने तीन महिन्यांत जे कमावलं, ते मशीनच्या त्या एका दिवसाच्या भाड्यात गेलं.