मावशीच्या मानेतली गाठ

मी मावशीच्या मानेत सुई खुपसणार होतो.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

मावशी अकोटला फुलं विकायची. एकटीच. मी तेव्हा अचलपूरला एका टाइल्सवाल्याकडे होतो (त्याचं कुत्रं लय हुशार होतं, जाऊ द्या ते).

फोन आला. "दाढ सुजली रे बाबू. ये."

गेलो तर जबड्याखाली उजवीकडे लिंबाएवढी गाठ. आमच्याकडे गळू म्हटलं की अळशीचं पोटीस. पिकवायचं, मग फोडायचं. सात दिवस मीच गरम गरम बांधलं.

"मऊ झालं. फोड आता."

हार ओवायची सुई गॅसवर लाल केली. नेमकी जागा बघायला बोट ठेवलं.

आतून कोणीतरी माझ्या बोटाला ठोकत होतं.

"मावशे, हे उडून राह्यलं!"

"मले त कवाचं ऐकू येते. कानात कोनीतरी चालून राह्यलं. मी घाई केली का तो बी घाई करते."

माझ्या हातातली सुई पडली.

"भेला काय रे?" ती हसली. मग थुंकली. लाल.

अमरावतीत स्कॅन झालं. डॉक्टर म्हणाले, "दाढेतला पू खोल उतरला. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या नसेची भिंत त्याने खाल्ली. ही गाठ म्हणजे तीच नस, फुग्यासारखी फुगलेली. टोचली असती तर इथवर पोचलाच नसता."

मित्रांनो, मानेतली गाठ उडत असेल तर हातही लावू नका. सरळ दवाखाना.

नस बांधून टाकायची, हा एकच उपाय. नाही बांधली तर कधीही फुटणार. बांधली तर मेंदूला रक्त कमी पडून लकवा होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो.

नातेवाईक म्हणून मी एकटा. फॉर्म माझ्यासमोर.

"कर न सही," मावशी म्हणाली. "आठवी नापास असला तरी नाव त लिहिता येते न तुले?"

केली.

ऑपरेशननंतर तिने डोळे उघडले. बराच वेळ ऐकत राहिली.

"गेला रे तो. लय सुनं लागून राह्यलं."

मग स्वतःच्याच डाव्या हाताकडे बघितलं.

"हा कोनाचा हात ठेवला इथं?"

"तुहाच हाय मावशे."

"नाई. थंडा हाय. ज्याचा हाय त्याले देऊन टाक."

तिसऱ्या दिवशी गेली. तोवर तो लकवा मारलेला हात मी धरून बसलो होतो. तिला कळलंच नाही.

मावशे, सही माझी होती. चुकलो असेन तर माफ कर.

सुखानं जाय.