दुय्यम साहेबांचा शेरा

दुय्यम साहेब माणसाच्या तोंडाकडे बघतच नसत. बारमध्ये शिरले की कोपऱ्यातलं टेबल धरायचे, साधा सोडा मागवायचे आणि आल्यागेल्याच्या पायांकडे बघत बसायचे. “तोंडाला सवय असती रे खोटं बोलायची, पायाला अजून लागली न्हाई,” असं त्यांचं म्हणणं. दारातून आत आलेल्याची चार पावलं बघून तो किती घेऊन आलाय हे ते सांगायचे आणि सहसा चुकायचे नाहीत. स्वतः मात्र आयुष्यात थेंबाला शिवले नव्हते. उत्पादन शुल्क खात्यात दुय्यम निरीक्षक, म्हणून देगलुरात सगळे त्यांना दुय्यम साहेब म्हणत. मूळचे उदगीरकडचे. साधे रागावले तर मराठीत बोलायचे, फार रागावले तर कानडीत.

माझी त्यांची गाठ पडली ती नोकरनाम्यापायी. बारच्या काउंटरवर मॅनेजर म्हणून बसायचं तर नुसतं मालकानं ठेवून भागत नाही, त्या माणसाच्या नावाचा नोकरनामा खात्याकडून मंजूर व्हावा लागतो. पोलिसांचा चारित्र्याचा दाखला जोडला होता, फोटो डकवले होते, अडलं होतं ते साहेबांच्या शेऱ्यावर. मी तेव्हा तिशीला टेकलेला, दोनदा पोलीस भरतीत धावून दमलेला. स्थळं यायची आणि “मुलगा काय करतो?” इथपर्यंत येऊन परत जायची. हे काम गेलं असतं तर पुढे सगळा अंधारच होता.

मी नियम घोकून गेलो होतो. बिअरला वय किती, दारूला किती, परवाना कुणाकडे हवा, कोणत्या दिवशी शटर उघडायचं नाही. साहेबांनी दोन उत्तरं ऐकली आणि हात वर केला. “पाठांतर झ्याक हाय. ग्यादरिंगमधे घेतील तुला. आता हे सांग, तुला कुनाला न्हाई म्हनता येत न्हाई?”

मी भोळेपणानं खरं ते सांगून टाकलं, “दाजींना.”

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मुखेडकडचे. साहेबांनी डायरीत काहीतरी लिहिलं आणि त्यानंतर दर बाजारच्या दिवशी दुपारी ते आमच्याकडे येऊन बसायला लागले. जुना मॅनेजर अजून काउंटरवर होता, मी त्याच्या शेजारी बसून काम बघायचो. साहेब कशाची वाट बघतात हे माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

तिसऱ्या बाजाराला दाजी आले. मेव्हणा बारमध्ये लागलाय म्हटल्यावर येणारच होते. कुठेतरी आधी घेऊन आलेले, दारातच अडखळले. “काय मॅनेजर, पावन्याला इचारशील का न्हाई?” सगळ्या बारला ऐकू जाईल असं म्हणाले. लग्नात माझ्या आईवडिलांनी ज्यांचे पाय धुतले, त्या माणसाला मी काय सांगणार? वेटरला खूण केली. थोडीच द्यायला सांगितली, मानापुरती. शहाणपणा केला असंच मला वाटत होतं.

ग्लास रिकामा झाल्यावर साहेब उठले. दाजींच्या खिशातून मोटरसायकलची चावी अलगद काढून घेतली आणि म्हणाले, “पावनं, यष्टीनं जावा. गाडी उद्या न्या.” मग माझ्यासमोरच कागदावर शेरा लिहिला : माणूस चांगला, तूर्त अयोग्य. मी रडकुंडीला आलो. “गिऱ्हाइकाला कुनीबी न्हाई म्हनतंय,” ते म्हणाले. “दोन म्हैन्यांनी परत बघतो.”

मालकानं हातापाया पडून जुन्या मॅनेजरला थांबवून घेतलं. दोन महिन्यांनी पुन्हा बाजार, पुन्हा दाजी, पुन्हा ते अडखळणं. साहेब कोपऱ्यात होतेच.

“दाजी, आज न्हाई.”

“काय म्हनलास?”

“न्हाई म्हनलो. तुमी आधीच घिऊन आलात. चावी द्या.”

दाजींनी चावी माझ्या अंगावर फेकली. “जावयाला उठवतो का? आता तुज्या दारात ना माजा पाय लागंल, ना तुज्या बहिनीचा!” ते गेले. साहेबांनी शांतपणे ‘योग्य’ असं लिहिलं, खाली सही केली आणि सोड्याचा उरलेला घोट घेतला.

मी मॅनेजर झालो. पंचमीला अक्का आली नाही. आईनं तिच्या वाटचं पुरण झाकून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. फोन केला तर उचलायची नाही. आई माझ्याशी कामापुरतं बोलायची.

त्यातच साहेबांची बदली झाली. स्टँडवर त्यांची बॅग मीच नेली, पण पोटात राग होता. म्हणालो, “साहेब, तुमच्या एका शब्दापायी माझी बहीण तुटली.”

त्यांनी बॅग माझ्या हातातून घेतली. मग म्हणाले, “खरं हाय. आमच्या फारमात तसा रकाना न्हाई. माजा बाप पिऊन गेला. अख्ख्या गावात त्याला एकजन न्हाई म्हनला न्हाई. पाटील मानूस ना, सगळे मान ठिवून राहिले.” तेवढ्यात बस लागली. ते चढले, खिडकीतून हात केला. मी त्यांच्या पाया पडलो नाही, त्याचं वाईट वाटायचं अजून थांबलेलं नाही.

दिवाळी होऊन गेली. एका सकाळी मी बारमध्ये बाटल्या लावत होतो आणि फोन वाजला. अक्का होती. चार महिन्यांनी आवाज ऐकला. ती शिव्या देईल असं वाटत होतं. पण ती हळू आवाजात बोलत होती, घरात कुणी ऐकू नये असं.

“बाबू, तू यांला न्हाई म्हनलास तवा कसं म्हनलास रे? जोरात का हळू?”

“का गं?”

“बारा वर्सं झाली, मला जमंना. मला शिकीव की.”

मी किल्ल्या मालकाकडे दिल्या आणि मुखेडची पहिली बस धरली.