ओटीतली अळी

जगातली माणसं एकमेकांना तोंडावरून ओळखतात. आमचे सेलूचे काका, म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, पतंगांना सोंडेवरून ओळखायचे आणि माणसांना बिलकुल ओळखायचे नाहीत. एकदा परभणीच्या स्टँडवर माझे वडील, त्यांचे सख्खे साडू, समोर उभे राहिले तर "आपण कुठले?" म्हणाले, आणि वडिलांच्या टोपीवरचा पतंग बघून मात्र, "अरे, हा तर ज्वारीच्या खोडकिड्याचा बाप!" म्हणून ओरडले. अळीच्या बाबतीत खोटं त्यांना खपायचंच नाही. रेणूला, त्यांच्या लेकीला, बघायला आलेल्या एका पाहुण्यांना त्यांनी "तुमच्या पेढ्यात अळी हाय, जात चांगली हाय," असं कौतुकानं सांगितलं. ते स्थळ तिथंच मोडलं.

म्हणून रेणूच्या साखरपुड्याला मावशीनं सकाळीच दम भरला, "आज तोंड उघडलंत तर याद राखा!" मावशी अशी टापटिपीची, की तिच्या डब्यात शिरायला किड्यालाही लाज वाटावी.

होणाऱ्या सासूबाईंनी सोबत आणलेली खारीक-बदाम आणि आमच्या ताटातले तांदूळ घेऊन रेणूची ओटी भरली. आणि पदरात एक पांढुरकी अळी वळवळली! मागून एक म्हातारी पुटपुटली, "अपशकुन गं बाई!" सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला, रेणूच्या डोळ्यांत पाणी तरळलं. काका उठले. खारकेला पडलेलं भोक आणि त्यातली जाळी मला बसल्या जागेवरून दिसत होती. आता हा माणूस खरं बोलणार आणि पोरीचं लग्न मोडणार!

काकांनी अळी बोटावर घेतली, चष्मा सरकवून बराच वेळ न्याहाळली.

"तांदळातली हाय," ते म्हणाले. "आमच्याच घरातली. डब्यात लय झाल्यात. माफ करा, विहीणबाई."

"एवढंच व्हय! आमच्याकडं बी होतात की!" विहीणबाईंचा जीव भांड्यात पडला, आणि त्यांनी हसत रेणूला पुन्हा कुंकू लावलं. मावशीचा मात्र भडका उडाला. "माझ्या डब्यात?" म्हणाली, आणि पुढं कितीतरी दिवस काकांशी बोलली नाही.

निघताना मी हळूच म्हटलं, "काका, ती खारकेतली होती."

"तुला कळलं व्हय? शाबास," ते म्हणाले. "आता गप ऱ्हा."

आज काका नाहीत. रेणूचा संसार छान चाललाय. मावशी अजूनही तांदूळ निवडता निवडता म्हणते, "जन्मभर अळ्या ओळखल्या, पण त्या दिवशी चुकलेच बघ!" फार वाटतं, सांगून टाकावं. पण ते सांगून गेलेत, म्हणून मी गप्प बसतो.