बोटांवर भरवसा ठेवणारे अप्पा

कुणी संगणकावर एक फाईल बंद करून दुसरी उघडायला लागलं, की अप्पा आपली खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसत. ती दुसरी फाईल उघडून होईपर्यंत वळत नसत. मी कामाला लागले त्या पहिल्या आठवड्यात त्यांचा चेहरा मला फारसा दिसलाच नाही. पाठ मात्र चांगली ओळखीची झाली. फिका निळा शर्ट, कॉलरच्या आत घडी घालून ठेवलेला रुमाल. "झालं का मॅडम?" असं ते भिंतीला विचारत.

नव्वदच्या दशकाच्या मध्याची ही गोष्ट. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग करणारा एक कारखाना होता. मशीनने कुठून कुठे कापत जायचं ते सांगणारे प्रोग्राम आमच्या खोलीत लिहिले जात. मी इंदिरानगरातून मोपेडवर येत असे, अप्पा नांदगावहून पॅसेंजरने अपडाऊन करत. शेतकऱ्याच्या घरातले, आयटीआय झालेले टर्नर. वीस वर्षं लेथवर उभं राहून मग या खोलीत आलेले. माझ्या पहिल्या वर्गाच्या डिप्लोमाला ते एक किरकोळ आजार समजत. "उतरेल हळूहळू," असं त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं, "ताप उतरतो तसा."

त्या संगणकाला माऊस नव्हता. काळा पडदा, हिरवी अक्षरं आणि सगळं काही कळांनीच करायचा एक एडिटर. एका जॉबला, म्हणजे एका सुट्या भागाच्या कामाला, आठ-दहा फायली लागत: मुख्य प्रोग्राम, त्याच्या पोटातले छोटे प्रोग्राम, कटरची यादी. मी एक उघडायची, बघायची, बंद करायची, मग दुसरी उघडायची. तोवर पहिलीत काय बघितलं ते डोक्यातून गेलेलं असायचं. अप्पा सकाळी आल्या आल्या सगळ्या फायली एकदम उघडून ठेवत. एडिटर प्रत्येकीला नंबर देई. नंबर टाकला की ती फाईल समोर. आणि आत्ता जिच्यातून आलो तिच्यात परत जायचं, तर कंट्रोलची कळ धरून सहाचा आकडा दाबायचा. एवढंच. हे त्यांनी मला नवव्या दिवशी शिकवलं, तेही भिंतीकडे बघून पाठ दुखायला लागली म्हणून. "सैपाकघरातून ओसरीवर यायचं तर तुम्ही आधी सैपाकघर पाडता का?" असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "मग फाईल कशाला बंद करता? ती काय खायला मागती?"

तुच्छता ही अप्पांची रोजची न्याहारी होती आणि ती सगळ्यांना पोटभर वाढली जाई. आमचे मोठे साहेब आपल्या केबिनमध्ये माऊसवाला संगणक घेऊन बसले, तेव्हा हे बघायला अप्पा मुद्दाम गेले आणि परत येऊन म्हणाले, की साहेबांना उंदीर सापडलाय, आता कारखाना काही खरा नाय. कुणी पुण्याहून सल्ला द्यायला येई, त्याच्या टायची लांबी ते डोळ्यांनी मोजत. पण सगळ्यात खालचा दर्जा होता तो एडिटरच्या कळा आपल्या सोयीने बदलून घेणाऱ्यांचा. आमच्यात एकाने तसं केलं होतं. अप्पांच्या लेखी तो माणूस मेल्यात जमा होता. हात बदलायचा, कळ नाय बदलायची, हे त्यांचं म्हणणं.

त्यांचा स्वतःचा हात मात्र बघत राहावा असा होता. दोन फायलींत ते इतक्या झपाट्याने जा-ये करत, की पडद्यावरचे आकडे नुसते लवल्यासारखे दिसत. आपण कोणत्या फाईलमध्ये आहोत हे तो एडिटर आपणहून सांगत नसे. एक वेगळी कळ दाबली, तर खाली नाव येई. मी ती सारखी दाबत असे. अप्पा कधीच दाबत नसत. "नाव कशाला विचारायचं?" ते म्हणत. "सोयरीक जमवायची हाय का? बोटांना माहीत असतं." मलाही ते तेव्हा खरं वाटे. माणसाला इतकं काही येत असलं की त्याचा उद्धटपणाही शहाणपणासारखा दिसतो.

एका गाडीच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे दोन ब्रॅकेट आमच्याकडे तयार होत. दोन्ही आरशात बघितल्यासारखे, दोन्हींचे प्रोग्राम दिसायला सख्खे भाऊ. उजव्याचं ड्रॉइंग बदललं. त्याला पकडणारा क्लॅम्प आता ठेंगणा होणार होता, म्हणून वरून जाणारा कटर वीस मिलिमीटर खाली आणायचा होता. अप्पांनी दोन्ही फायली उघडल्या, नेहमीसारखी जा-ये केली, आकडा बदलला, आणि चहाला गेले. एक उडी जास्त झाली होती. बदल डाव्या फाईलमध्ये बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला डाव्या ब्रॅकेटचा पहिला जॉब लागला. मशीनवर शिरसाठ होता. सुरगाण्याच्या डोंगरातला, भातशेती सोडून आलेला, तिशीचा, अबोल माणूस. मशीन जुनं होतं. त्याचं दार अर्धं उघडं असलं तरी ते चाले, आणि पहिला जॉब सगळेच तसा बघत. कटर भरधाव तिथल्या जुन्या, उंच क्लॅम्पवर आदळला, फुटला, आणि त्याचा तुकडा दाराच्या मुठीवर ठेवलेल्या त्याच्या डाव्या हातावर बसला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्हींची वरची पेरं गेली.

साहेबांची चौकशी दुपारच्या जेवणाआधी संपलीसुद्धा. कटरची उंची मशीनवर चुकीची भरली, दारात हात ठेवला, म्हणजे चूक ऑपरेटरची. प्रोग्राम कुणी उघडून बघितलाच नाही. अप्पांचा प्रोग्राम कशाला बघायचा! मी उघडला. उजव्यासाठी बदललेला आकडा तिथे दिसला, आणि फाईल तशीच उघडी ठेवून उठले. अप्पा माझ्या मागेच उभे होते. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ती नावाची कळ दाबली. खाली डाव्या फाईलचं नाव आलं.

संध्याकाळी आम्ही दोघं इस्पितळात गेलो. शिरसाठला आमच्या खोलीतल्या कुणीतरी खरं काय ते सांगितलं होतं. तो म्हणाला, "अप्पा, तुमी नका काही सांगू. तुमची नोकरी जाईल. माझ्यावर लिहिलंय तर राहू द्या. मी म्हणन माझाच आकडा चुकला."

अप्पांनी विचारलं, "कोणता आकडा चुकला?"

शिरसाठला सांगता येईना.

"तुला खोटंसुद्धा धड बोलता येत नाय," अप्पा म्हणाले. परत येताना रिक्षात त्यांचे हात मांडीखाली दाबलेले होते.

सकाळी ते साहेबांच्या केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं, मी बाहेर होते. त्यांनी सांगितलं, की चूक प्रोग्रामात हाय, प्रोग्राम माझा हाय, आणि तुमची चौकशी मूर्खपणाची हाय. साहेब म्हणाले, लेखी द्याल का? अप्पांनी लिहून आणलेलंच होतं. त्यात त्यांनी स्वतःला 'गाढव' म्हटलं होतं. साहेबांनी तो शब्द तेवढा बदला म्हणून सांगितलं. अप्पांनी बदलला नाही.

त्यांना आठ महिने टूल स्टोअरमध्ये, हत्यारं वाटायला टाकलं. नोकरी गेली नाही, कारण ती खोली त्यांच्याशिवाय चालेना. ते खोलीत परत आले ते एक अट घालून: शिरसाठला प्रोग्रामिंगला घ्यायचं. दहावी नापास ऑपरेटर तिथे काय करणार, असं साहेबांनी विचारलं. अप्पा म्हणाले, तुम्ही केबिनमध्ये करता त्यापेक्षा जास्त करंल.

मग शिरसाठला शिकवणं सुरू झालं. खरं सांगायचं तर ते बघवत नसे. माझ्या वाट्याला आलेली तुच्छता म्हणजे कौतुक होतं, असं वाटायला लागलं. शिरसाठ ऐकून घेई, आखूड करंगळीचा हात कीबोर्डवर ताणून कंट्रोलच्या कळेपर्यंत नेई, आणि त्याचं बोट घसरे. पंधरा दिवस हे चाललं. सोळाव्या दिवशी मी आले, तेव्हा अप्पांनी एडिटरच्या सेटिंगमध्ये एक ओळ लिहून ठेवली होती. आता कीबोर्डच्या मधली एकच कळ दाबली, की आधीची फाईल येत होती. मी त्या ओळीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "काय बघता मॅडम?" ते म्हणाले. "काम नाय का?" त्याच आठवड्यापासून त्यांनी नियम केला: आकडा बदलण्याआधी फाईलचं नाव बघायचं आणि मोठ्याने म्हणायचं. स्वतःही म्हणत. पन्नाशीचा माणूस शाळेतल्यासारखा "डावा ब्रॅकेट" असं म्हणून आकडा बदले, आणि आम्हाला हसायची सोय नव्हती.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी नवं सॉफ्टवेअर आलं. त्यात चित्रावर माऊसने बोट दाखवायचं, की प्रोग्राम आपोआप तयार. अप्पा एक दिवस त्याच्या प्रशिक्षणाला गेले आणि दुसऱ्या दिवशी मुदतीआधीच निवृत्तीचा अर्ज दिला. निरोपसमारंभात बोलायला लावलंत तर खरं बोलेन, असं त्यांनी कळवलं, तेव्हा समारंभच रद्द झाला. शेवटच्या दिवशी मी आणि शिरसाठ त्यांना नाशिकरोडला पोचवायला गेलो. शिरसाठ तेव्हा त्या खोलीत माझ्याइतकंच काम करत होता, आणि माझ्यापेक्षा कमी चुकत होता.

फलाटावर तो पाया पडायला वाकला. अप्पांनी त्याला दंडाला धरून उभं केलं. म्हणाले, "दाखव."

त्याला कळेना. अप्पांनी त्याचा डावा हात स्वतःच उचलून घेतला. इतकी वर्षं शेजारी बसून त्यांनी तो हात एकदाही नीट पाहिला नव्हता, हे मला त्या वेळी समजलं. त्यांनी चष्मा वर केला, दोन्ही बोटांची टोकं उजेडाकडे धरून बघितली, त्यांच्यावरून अंगठा फिरवला. पॅसेंजर येऊन लागली, माणसं चढायला लागली, तरी ते बघतच होते.

"दुखतं का?"

"थंडीत. थोडं."

"हं," अप्पा म्हणाले, आणि हात सोडला. गाडी वेळेवर आली होती, त्याबद्दल त्यांनी रेल्वेला चार शब्द सुनावले आणि डब्यात चढले. नंतर मला ते पुन्हा दिसले नाहीत.