धोंडीबाईची पट्टी आणि सुकरीचा गळा

साखरशेतच्या सुकरीला लग्नातली सगळी गाणी पाठ होती. हळदीची, चौकाची, मांडव घालायची, नवरी घरात घ्यायची. एक ओळ चुकत नसे. अडचण एवढीच होती, की तिला ती गाता येत नव्हती.

वारल्यांच्या लग्नात गाणी म्हणत लग्न लावते ती धवलेरी. तिच्या गाण्याबरोबर लग्न पुढं सरकतं. साखरशेत आणि भोवतालच्या सात पाड्यांची धवलेरी होती धोंडीबाई. तिचा आवाज बारीक आणि उंच होता; ती गायला लागली की पलीकडच्या टेकडीवरच्या बाया हातातलं काम सोडून ऐकत उभ्या राहायच्या. सुकरी लहानपणापासून तिच्या मागं बसत आलेली. जव्हारचं संस्थान विलीन झालं त्या साली धोंडीबाईचे पुढचे दात पडले, आणि मग दोन-तीन वर्षांत तिचा दमही आटत गेला. तिनं सगळ्या पाड्यांना सांगून टाकलं, "माझ्यामागं सुकरी."

सुकरीला कुणी विचारलं नव्हतं. पण मनातून तिला तेच हवं होतं.

पहिल्याच लग्नात फजिती झाली. धोंडीबाई लावायची तसा उंच सूर तिनं लावला, पहिली ओळ कशीबशी पार पाडली आणि दुसऱ्या ओळीला आवाज असा फाटला, की मांडवातलं तान्हं पोर दचकून रडायला लागलं. बाया पदर तोंडात धरून हसल्या. नवरदेवही हसला. धोंडीबाईनं पुढचं गाणं ओढून नेलं आणि ते संपेपर्यंत तिला तीनदा खोकला आला.

मग उपाय सुरू झाले. कुणी आलं-गूळ खा म्हणालं, कुणी बेहड्याची साल चघळायला दिली. सुकरीनं ती महिनाभर चघळली. तिचा नवरा लाडक्या म्हणाला, "साल खाऊन तुझे दात काळे झाले, आवाज होता तसाच हाय."

चोपन्नच्या उन्हाळ्यात जव्हार-मोखाडा रस्त्याचं काम निघालं आणि दोघं नवराबायको तिथं मजुरीला लागली. पसरलेला मुरूम दाबायला जड धुम्मस असे. दोघी दोघींनी ते दांड्याला धरून उचलायचं आणि एकदम खाली सोडायचं. सुकरीची जोडीदारीण होती सूर्यमाळची पोशी, पन्नाशीची, रुंद हाडाची बाई. काम एका तालात चालावं म्हणून पोशी गाणं म्हणायची आणि बाकीच्या बाया पाठीमागून ओळ ओढायच्या. दिवसभर गायची, तरी संध्याकाळी तिचा आवाज सकाळसारखाच.

चौथ्या दिवशी सुकरीनं विचारलं, "बाय, तुझा गळा बसत कसा नाय?"

"गळ्यानं गातंच कोण?" पोशी म्हणाली. तिनं सुकरीचा तळहात धरून आपल्या पोटावर ठेवला. "धुम्मस उचललं का इथं वारा भर. खाली गेलं का हळू सोड. सगळा एकदम सांडू नको."

दुपारी भाकरी खाताना पोशीनं तिला एक गाणं म्हणायला लावलं. सुकरीनं मान ताठ केली, खांदे वर ओढले आणि नेहमीचा उंच सूर लावला. पोशीनं तिला लगेच थांबवलं.

"ही पट्टी कोणाची?"

"धोंडीबायची."

"मंग तिची तिला देऊन टाक. तू मला हाक मारतंस ती कुठून मारतंस? तिथून गा."

सुकरीला ते पटलं नाही. एवढ्या खालून गायचं म्हणजे पुरुषासारखं वाटेल, असं तिला वाटलं. पण धुम्मस तर उचलावंच लागत होतं, त्यामुळं श्वासाचं शिकणं आपोआप झालं. पंधरा दिवसांत ती पोशीबरोबर चार ओळी एका दमात ओढायला लागली.

काम संपवून घरी आल्यावर तिनं स्वतःच एक युक्ती काढली. सकाळी नागली दळताना ती तोंड मिटून जात्याच्या घरघरीत आपला आवाज मिसळायची. आवाज वर-खाली गेला की कानाला खुपायचं, जमला की जातं आणि आपण एकच झालो असं वाटायचं आणि छातीत गुदगुल्या व्हायच्या. पंधरवड्यानं ती त्याच आवाजात तोंड उघडून गायली. तो पुरुषासारखा नव्हता. जाडसर होता, गरम भातासारखा मऊ होता, आणि तिचा होता.

शब्द मात्र तोंडात घोळायचे. त्यासाठी तिनं लाडक्याला कामाला लावलं. तो ओहळाच्या पलीकडच्या उतारावर बैल चारायचा. ती अलीकडून गायची आणि त्यानं काय ऐकू आलं ते ओरडून सांगायचं.

"काय म्हणालं मी?"

"म्हैस चौकात आली."

"म्हैस नाय रं, आईस. आई चौकात आली."

"मंग तोंड उघड की. मला म्हैसच दिसली."

सुकरी खाली बसून पोट धरून हसली, मग उठून पुन्हा गायली. आठवडाभर लाडक्याला कधी म्हैस दिसली, कधी मीठ, कधी मामा. शेवटी एका दुपारी त्यानं अख्खं गाणं ओळीनं परत म्हणून दाखवलं आणि वर विचारलं, "आता बैलांना पण पाठ झालंय. अजून किती दिवस?"

पुढच्या उन्हाळ्यात धोंडीबाईच्या भाचीचं, गोदीचं लग्न निघालं. सकाळी सवाशिणी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं पालघट देवीचा चौक काढायला बसल्या. घर बायांनी भरलेलं. आपल्या भाचीचं लग्न, म्हणून धोंडीबाई स्वतः गायला बसली. तिसऱ्या ओळीला तिचा दम तुटला. पीठ घेतलेली बोटं भिंतीशी थांबली.

सुकरीनं पोटात वारा भरला आणि पुढची ओळ उचलली. खालून, आपल्या जागेवरून.

धोंडीबाईनं मान वळवून तिच्याकडं रोखून पाहिलं. या घरात असा खालचा सूर कधी लागला नव्हता. सुकरीचा आवाज क्षणभर हलला, पण तिनं तो सोडला नाही. दुसऱ्या ओळीला चौक काढणारी रुपी तिच्याबरोबर गुणगुणायला लागली. मग दाराशी बसलेल्या दोघी, मग मागच्या सगळ्या. वर्षानुवर्षं या बाया धोंडीबाईचं गाणं नुसतं ऐकत आल्या होत्या, कारण तिच्या उंचीला त्यांचे गळे पोचतच नव्हते. आता त्यांना वाट सापडली. तांदूळ निवडणाऱ्या गायल्या, पाणी घेऊन आलेल्या हंडा डोक्यावर तसाच ठेवून गायल्या. अंगणात मांडव घालणारे पुरुष काम सोडून आत डोकावले.

आणि धोंडीबाई? ती आधी ओठ हलवत होती. मग तिनं हळूच आवाज लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं अख्खं गाणं न खोकता शेवटपर्यंत म्हटलं. चौक पुरा झाला तेव्हा ती बोळकं पसरून हसत होती.

"खाली घेतलंस तू," ती म्हणाली.

"मला तेवढंच येतं, बाय."

"मग मला आधी का नाय सांगितलंस?"

त्या दिवशी सुकरी सांजेपर्यंत गायली. हळद झाली, नवरी निघाली, तरी तिचा गळा बसला नाही. लाडक्या पाहुण्यांना सांगत होता, की हे सगळं त्यानं आणि बैलांनी शिकवलं. सुकरीनं त्याला सांगू दिलं.

दोन दिवसांनी धोंडीबाई काठी टेकत सुकरीच्या ओटीवर आली. आल्या आल्या तिनं सुकरीचा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला.

"ते वारा भरायचं कसं, ते दाखव," म्हणाली.

त्यानंतर चार वर्षं त्या दोघी बरोबरच लग्नं लावत हिंडल्या. वांगणीपासून बोलावणी यायची, तिथपर्यंत चालत जायच्या. आणि कुठंही गेलं तरी सुकरी गाण्याआधी मागं वळायची आणि बसलेल्या बायांना विचारायची, "हे तुमच्या गळ्याला झेपंल ना?"